खानदेशातलं निसर्गचित्रण: जागेवर बसून रंगवणं आणि त्यावर घर चालवणं

गिरणाकाठ (धागाकर्ता)

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांना टेकला की जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, कागदाच्या खालच्या कडेला पोचेपर्यंत वरून सुकलेला असतो. मध्येच कडक रेघ पडते आणि ती काही केल्या जात नाही. पुण्या-मुंबईच्या कार्यशाळांत शिकून आलेली मुलं इथे पहिल्या उन्हाळ्यातच हताश होतात ती यामुळे. कोकणात हवेत ओल असते. ओल्या कागदावर ओला रंग सोडून ढग कसे फुटतात ते बघत बसायला वेळ मिळतो. आपल्याकडे ती चैन श्रावणात, नाहीतर पौषातल्या सकाळी. बाकीचे महिने हवेशी जुळवून घ्यावं लागतं.

इथे खानदेशातली बरीच मंडळी चित्रं काढतात, काही जण माझ्यासारखे त्यावरच घर चालवतात. धागा काढायचं कारण हेच, की या दोन्ही गोष्टी एकत्र बोलल्या जात नाहीत. निसर्गचित्रण हा रविवारचा छंद आणि पोटाची कामं म्हणजे वेगळा संसार, असं धरून चालतात. मला ते पटत नाही. जागेवर जाऊन बसणं सोडलं की काही वर्षांत ऑर्डरची कामंही निर्जीव होतात आणि भाव पडतो. हे मी आजूबाजूच्या चांगल्या हातांच्या बाबतीत होताना पाहिलंय.

आधी उन्हाचं सांगतो. सकाळी उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर, एवढाच वेळ. मधल्या वेळात सावल्या पायाखाली जातात, आकार सपाट होतात, तेव्हा हट्ट करण्यात अर्थ नाही. कागद जाड, ३०० जीएसएमचा, शंभर टक्के कापसाचा, आणि आकार पाव शीट, म्हणजे साधारण ११ × १५ इंच. दोन तासांत सावली इतकी सरकते की मोठा कागद घेतला तर डाव्या बाजूला सकाळ आणि उजव्या बाजूला दुपार असं चित्र होतं. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या पाटीवर चिकटवा. लाकडी पाटी ओल शोषते. पाण्यात मेडिकलमधल्या ग्लिसरीनचे तीन-चार थेंब टाकले की वॉश थोडा जास्त वेळ ओला राहतो. जास्त टाकू नका, रंग चिकट राहतो आणि त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात तर ग्लिसरीनला हातही लावू नका.

आणि कागदावर थेट ऊन पडू देऊ नका. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, लावलेला रंग फिका वाटतो, मग हात आपोआप गडद होत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. छत्री पांढरी, करडी किंवा काळी घ्या. निळी-लाल छत्री असली की तोच रंग कागदावर उतरतो आणि तुमचे सगळे अंदाज चुकतात.

आता रंगाकडे येतो. रावेर-यावलच्या रस्त्याने सकाळी जाताना केळीच्या बागेशी थांबा आणि एकच पान नीट पाहा. सूर्य पानामागे असला की उजेड आरपार येतो, पान पिवळंजर्द-हिरवं होतं, मधला दांडा आणि बारीक शिरा स्पष्ट दिसतात. तेच पान थोडं कललं की वरचा गुळगुळीत भाग आभाळ परत फेकतो आणि हिरवा रंग जवळपास निळसर राखाडी होतो. वाऱ्याने पानाच्या चिरफाळ्या झालेल्या असतात, त्यातली प्रत्येक पट्टी वेगळ्या कोनात लोंबते. म्हणजे एका पानात चार हिरवे शेजारी शेजारी असतात, आणि खाली सुकलेल्या पानांची तपकिरी झालर. ट्यूबमधला सॅप ग्रीन थेट लावला की हे सगळं मेलं. मी लेमन यलो आणि अल्ट्रामरीनपासून हिरवा करतो आणि बर्न्ट सिएनाने त्याला शांत करतो. हेच तीन रंग वेगवेगळ्या प्रमाणात घेतले की काळ्या मातीपासून सातपुड्याच्या सकाळच्या निळ्यापर्यंत सगळं निघतं. पळस फुलतो त्या दिवसांत एक चांगला केशरी सोबत घ्या, तो मिसळून तितका उजळ होत नाही.

आता पोटाचं. माझी कमाई चार ठिकाणांहून येते: शाळा-कार्यालयांच्या भिंती, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचे क्लास, ऑर्डरची चित्रं, आणि निसर्गचित्रं. या क्रमाने. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला ७ गुण वाढीव, बी ला ५, सी ला ३, त्यामुळे परीक्षेआधीचे महिने क्लास भरलेले असतात. ऑर्डरमध्ये सगळ्यात जास्त मागणी धावत्या सात घोड्यांना. नवा बंगला, वास्तुशांती, पूर्वेची भिंत, सात घोडे. बहुतेक जण नेटवरची तीच ती प्रतिमा उतरवून देतात.

मी त्यासाठी दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेत जाऊन बसतो. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, राजस्थान-पंजाबपासून घोडे येतात. मारवाडी घोड्याचे कान टोकाला आत वळलेले असतात, सावध झाला की दोन्ही टोकं एकमेकांना भिडतात. नालबंद मागचा पाय उचलून मांडीवर घेतो तेव्हा घोडा सगळं वजन दुसऱ्या पुठ्ठ्यावर टाकतो आणि पाठीची रेघ तिरकी होते. पळवून दाखवताना थांबवला की नाकपुड्या गोल होतात, मानेखालची शीर फुगते. हे फोटोवरून कळत नाही, कारण फोटोत एकच क्षण असतो आणि त्याच्या आधी-नंतर काय झालं ते दिसत नाही. तिथे भरलेल्या रेखाटनांच्या वह्यांमुळे माझे सात घोडे सात वेगळे असतात. गिऱ्हाईकाला कारण सांगता येत नाही, पण त्याला फरक कळतो आणि तो शेजाऱ्याला माझा नंबर देतो. माझ्या घरात निसर्गचित्रणाने पैसे आणले ते असे, आडवाटेने.

तुमच्या जागा, तुमचे दर, तुमच्या अडचणी लिहा. विशेषतः धुळे-नंदुरबारकडच्यांनी.

---

वॉशवाला

मूळ भुसावळचा, आता मुंबईत. लेख आवडला, पण दोन गोष्टी पटल्या नाहीत. एक, फोटोवरून काम करण्यात काही कमीपणा नाही. जबाबदाऱ्या असलेल्या माणसाला रोज सकाळी तापीवर जाता येत नाही. दुसरं, खानदेशात निसर्गचित्र विकत घेणारा वर्ग नाही. बाजार मुंबईतच आहे. जहांगीर आर्ट गॅलरीत प्रदर्शनाची तारीख मिळायला कित्येक वर्षं थांबावं लागतं हे खरं, पण तिथे भिंतीवर लागलेलं चित्र ज्या भावाने जातं तो भाव जळगावात कोण देईल?

---

कलाशिक्षक_चोपडा

निवृत्त चित्रकला शिक्षक. धागाकर्त्याने पान दाखवलं तसं मी वर्गात मुलांना झाडाखाली नेऊन दाखवायचो. ए.टी.डी.ला (कलाशिक्षकाच्या पदविकेला) असताना आमचे सर सांगत, डोळे किलकिले करा. किलकिल्या डोळ्यांना रंग कमी आणि उजेड-अंधार जास्त दिसतो, आणि चित्र उभं राहतं ते त्यावर. अजून तेच सांगतो.

वॉशवाला यांना एवढंच म्हणेन की फोटो वापरा, पण जागा आधी पाहिलेली असू द्या. आपल्या उन्हाचा आवाका मोठा आहे. कॅमेऱ्याने आभाळ नीट घेतलं तर झाडाखालचा अंधार नुसता काळा येतो. सावली घेतली तर आभाळ पांढरं पडतं. हल्लीचे मोबाईल दोन्ही ओढून सारखं करतात, ते तर जास्तच फसवं. तिथे प्रत्यक्ष बसलेल्या माणसाला त्या अंधारातही गाईची पाठ, विहिरीचा कठडा आणि जमिनीवरून परत आलेला तांबूस उजेड दिसतो. तो तांबूस उजेड ज्याने एकदा पाहिलाय तो फोटोवरूनही सावली जिवंत रंगवेल. न पाहिलेला माणूस काळा लावेल.

आणखी एक. बहिणाबाई असोद्याच्या, बालकवी धरणगावचे. शब्दांत हा मुलूख शंभर वर्षांपूर्वीच आला. रंगांत मात्र आपण अजून सह्याद्रीचे घाट आणि कोकणातल्या होड्याच काढतो. माझे विद्यार्थीसुद्धा स्पर्धेला नारळाची झाडं काढायचे. चोपड्याच्या पोराने नारळ कशाला काढावा? दारात कडुनिंब आहे, मागे सातपुडा आहे.

---

केळीबाग

रावेर तालुका, शेतकरी. चित्रातलं मला काही कळत नाही, पण पानाचं वर्णन वाचून घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. थोडी भर घालतो.

पानाच्या खालच्या बाजूला पांढरी भुकटी असते, बोट फिरवलं की निघते. म्हणून खालून पान पांढुरकं दिसतं. मृगबाग आणि कांदेबाग यांचा रंग एकाच दिवशी वेगळा दिसेल. जूनमधली लागवड आणि ऑक्टोबरमधली लागवड, वयात तेवढा फरक. घड बाहेर पडलेली बाग आणि नुसती पानावर असलेली बागही वेगळी. बागेच्या कडेला वाऱ्याला आडोसा म्हणून शेवरी किंवा गजराज गवत लावतो, ते चित्रात दिसत नाही कधी. आणि पान फाटतं ते वाऱ्यामुळेच, एप्रिल-मेच्या वावटळीत जास्त. पानं अखंड दिसली तर समजा बाग नवी आहे किंवा आडोसा चांगला आहे.

कोणाला बसायचं असेल तर खुशाल या. फक्त ठिबकच्या नळ्यांवर पाय देऊ नका.

---

गिरणाकाठ

@केळीबाग दादा, आडोशाचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. चित्रात बागेची कड नेहमी भिंतीसारखी सरळ येते ती त्यामुळे. पुढच्या खेपेला शेवरीसकट काढतो.

@वॉशवाला, मुंबईत भाव मिळतो, मान्य. पण त्यातून फ्रेम, वाहतूक, राहणं, दालनाचं भाडं वजा करा. मी आठ चित्रं पाठवून चार विकली तर हातात काय उरतं ते बघा. इथे जळगावात डॉक्टर आहेत, सराफ आहेत, केळीचे व्यापारी आहेत. त्यांना ‘निसर्गचित्र’ विकत घ्यायची सवय नाही, पण ‘तुमच्या गावची नदी’ घ्यायची तयारी असते. मी चांगदेवच्या देवळामागून तापी-पूर्णेचा संगम रंगवला तो मुक्ताईनगरच्याच एका घरात गेला. घराण्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख त्या जागेशी होती. मुंबईत ते चित्र नुसतं एक नदीचं चित्र झालं असतं.

---

बोरीकाठची

अमळनेर. मुलींच्या बाजूने लिहिते, कारण वरच्या सगळ्या सल्ल्यांत ‘सकाळी उजाडल्यावर जा’ असं सहज लिहिलंय.

एकटीने नदीकाठी, शेताच्या बांधावर दोन तास बसणं शक्य होत नाही. घरचे सोडत नाहीत, आणि सोडलं तरी मागे चार जण येऊन उभे राहतात. लक्ष कागदावर राहत नाही. शिवाय तिथे स्वच्छतागृह नसतं, हे पुरुषांच्या ध्यानातच येत नाही. मी यातून मार्ग काढला तो असा, की जिथे माणसांची वर्दळ आहे आणि बायकाही आहेत अशाच जागा घेते. नदीकाठची देवळं, एसटी स्टँड, आठवडे बाजार, किल्ल्याच्या भिंतीजवळची वस्ती. बाजारात भाजी विकणाऱ्या आजींच्या शेजारी बसले की कोणी त्रास देत नाही. त्या स्वतःच हाकलतात. एकदा म्हणाल्या, ‘‘माय, उनमा काय करी ऱ्हायनी? इकडे सावलीमा बस.’’ आणि पोतं अंथरून दिलं. त्यांच्या पालाखालून बाजार वेगळाच दिसतो. वर निळं प्लास्टिक, त्याचा निळा उजेड टोमॅटोवर, वांग्यांवर, सगळ्यांच्या चेहऱ्यांवर. वांगं जांभळं राहतच नाही, कडेला निळं आणि मध्ये जवळपास काळं. रंगीत छत्री नको हे बरोबर आहे, पण त्या पालाचा निळा उजेड हाच माझ्या बाजाराच्या चित्रांचा विषय झाला. मी स्वतःचा कागद मात्र पालाबाहेर उघड्या सावलीत ठेवते, म्हणजे मिसळलेला रंग खरा कळतो.

दुसरं म्हणजे पैसे. गेल्या वर्षी एका संस्थेच्या आवारातली मोठी भिंत रंगवली. तोंडी ठरलं होतं. काम झाल्यावर निम्मेच पैसे मिळाले. नंतर त्यांनी त्याच चित्राचे फोटो आपल्या कॅलेंडरवर छापले, मला विचारलंही नाही. हे असं चालतं का? कोणाला माहिती असेल तर सांगा.

---

पांझरा

धुळे. वकिली करतो, रविवारी रंगवतो. @बोरीकाठची ताई, हे प्रत्येक चित्रकाराने समजून घ्यावं असं आहे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. साधारण नियम असा की चित्र काढणारा हाच कॉपीराइटचा पहिला मालक, आणि हक्क त्याच्या हयातीत व नंतर ६० वर्षं. पण कलम १७ मध्ये अपवाद आहे. कोणी मोबदला देऊन सांगून चित्र किंवा पोर्ट्रेट काढून घेतलं, आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक ते काम सांगणारा ठरतो. म्हणजे ऑर्डरच्या चित्राबाबत तुम्ही काही लिहून घेतलं नसेल, तर कॅलेंडरच्या बाबतीत त्यांची बाजू भक्कम होऊ शकते. तुम्ही स्वतःहून काढलेल्या निसर्गचित्राला हा अपवाद लागत नाही. ते विकलं तरी कागद जातो, छापायचा हक्क तुमच्याकडेच राहतो, तुम्ही तो लेखी दिल्याशिवाय.

कलम ५७ मात्र दोन्हीकडे लागू. चित्र तुमचं आहे असं सांगायचा हक्क, आणि तुमच्या नावाला बट्टा लागेल असा त्यात फेरफार करण्याला हरकत घ्यायचा हक्क, हे मालकी गेल्यावरही तुमच्याकडे राहतात.

म्हणून पुढच्या कामाला एक पान लिहून घ्या: मोजमाप, एकूण रक्कम, निम्मी आगाऊ, उरलेली कधी, रंगाचा खर्च कोणाचा, आणि ‘प्रतिमा छापण्याचे हक्क चित्रकाराकडे राहतील’ ही एक ओळ. व्हॉट्सॲपवर पाठवून समोरच्याचा ‘मान्य’ असा निरोप आला तरी काहीच नसण्यापेक्षा कितीतरी बरं. राहिलेल्या पैशासाठी आधी लेखी मागणी करा. तारखा, फोटो, रंगाच्या दुकानाची बिलं जपून ठेवा.

चित्राबद्दल: मी लळिंग किल्ल्याखालून रंगवतो. जानेवारीत धुळ्यात पहाटे कडाका असतो आणि तेव्हा उलटी अडचण येते, वॉश सुकतच नाही. मी त्या वेळात पेन्सिल आणि पेनची कामं करतो, ऊन अंगावर आल्यावर रंग उघडतो.

---

वाघूर

कोणी अजिंठ्याचं नाव कसं घेतलं नाही याचं नवल वाटतंय. लेणी आपल्या जिल्ह्यात नाहीत, पण जळगावहून फर्दापूर तासा-दीड तासावर आहे, आणि ज्या वाघूरच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर लेणी कोरलीत ती नदी पुढे आपल्याकडे येऊन तापीला मिळते.

तिथल्या भिंतींवरचे बहुतेक रंग त्याच डोंगरातले आहेत. तांबडा आणि पिवळा गेरू, काजळी, पांढरी माती, आणि हिरवा तर आपल्या काळ्या पाषाणात सापडणाऱ्या हिरव्या खनिजाचा. बाहेरून आणलेला होता तो निळा, लाजवर्द. म्हणजे या मुलखाची रंगपेटी दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी इथूनच गोळा केली होती. मी एकदा पावसानंतर व्ह्यू पॉइंटवर बसून फक्त गेरू, यलो ओकर, टेर व्हर्ट (हिरवी माती) आणि काळा एवढ्यावर दरी रंगवली. निळ्याची उणीव फक्त आभाळात भासली.

आणि जागेवर बसणाऱ्यांच्या घराण्यातला एक माणूस भुसावळला पुरलेला आहे. रॉबर्ट गिल, मद्रासच्या फौजेतला अधिकारी. १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला त्याला नेमलं, आणि पुढची जवळपास वीस वर्षं तो तिथेच मशालीच्या उजेडात तैलरंगात नकला करत राहिला. त्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या होत्या, १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. नंतर मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून तेरा वर्षं तिथे राबले, त्यातल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. गिल १८७९ मध्ये गेला. भुसावळहून आपण रोज जातो, पण त्याच्या थडग्याकडे वळणारे किती? चित्रकारांनी तरी एकदा जावं.

---

वॉशवाला

माझं बालपण भुसावळात गेलं आणि हे मला आज कळतंय. दिवाळीत येतो तेव्हा नक्की जाईन.

फोटोबद्दल कलाशिक्षक सरांचं म्हणणं पटलं. भावाबद्दल अजून पूर्ण पटलेलं नाही. एक विचारतो, खानदेशात राहून नाव झालेला कोणी आहे का? मोठं नाव म्हणतोय.

---

चाळीसगावकर

केकी मूस. इंग्लंडमध्ये कला शिकून आले आणि चाळीसगावात स्टेशनजवळच्या घरात १९८९ साली जाईपर्यंत राहिले. टेबलटॉप छायाचित्रणात, म्हणजे टेबलावर देखावा मांडून त्याचे फोटो काढण्यात, त्यांचं नाव देशाबाहेर गेलं. ते घर आता संग्रहालय म्हणून बघता येतं. आता तुम्ही म्हणाल की ते घराबाहेर पडत नसत, निसर्गचित्रणाशी त्यांचा काय संबंध. संबंध एवढाच, की गाव लहान म्हणून काम लहान झालं नाही. टेबलावर कापूस आणि वाळू मांडून ते जो उजेड पाडत तो पाहिला की कळतं, या माणसाने उजेडाचा अभ्यास किती केला असेल.

शेजारचं उदाहरण हवं तर नाशिकचे शिवाजी तुपे. नाशिकात राहून, घाटावर आणि वाड्यांपुढे बसून रंगवलं, आणि राज्यभर मान मिळवला.

आमच्याकडे पाटणादेवीला या. धबधबे, कातळ, आणि मागे गौताळ्याचं जंगल. अभयारण्य आहे, त्यामुळे चौकीवर नोंद करा आणि संध्याकाळी वेळेत बाहेर पडा. पितळखोऱ्याच्या बाजूने दरी पाहिली तर सकाळी अर्धी सावलीत आणि अर्धी उन्हात असते. त्या मधल्या रेषेवरच माझी सगळी चित्रं आहेत.

---

गिरणाकाठ

या जागांवरून एक राहिलेलं सांगतो. धरणाची भिंत, रेल्वेचा पूल, दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या या गोष्टी रंगवायला सुंदर आहेत, पण तिथे पोलीस किंवा सुरक्षारक्षक विचारायला येतात. ओळखपत्र जवळ ठेवा, आधीची चित्रं असलेली वही सोबत असली की बोलणं दोन मिनिटांत संपतं. चिमण्या तर मी दूरच्या शेतातूनच काढतो. थंडीत धूर सरळ वर जाऊन एका उंचीवर आडवा पसरतो, उन्हाळ्यात लगेच विस्कटतो. ऋतू दाखवायला तेवढं पुरतं.

@बोरीकाठची, स्वच्छतागृहाचा आणि सोबतीचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. जागा ठरवताना तोच पहिला निकष धरू. दुसरं, तुमच्या निळ्या पालाखालच्या बाजाराची चित्रं इथे टाका, मला फार बघायची आहेत.

@वॉशवाला, दराचं माझं गणित सरळ आहे. कागद, रंग, माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा), फ्रेम यांचा खर्च आणि कामाच्या दिवसांची मजुरी, गवंड्याच्या रोजापेक्षा कमी कधीच नाही. त्यावर चित्राचं मोल. ओळखीच्याला स्वस्त आणि परक्याला महाग असं करत नाही. जळगावात एक भाव आणि मुंबईत दुसरा असंही नाही. एकदा गिऱ्हाईकाला कळलं की घासाघीस केली की भाव उतरतो, तर पुढच्या सगळ्या चित्रांचा भाव उतरला.

---

नवशिकी_शहादा

बारावी झाली. जलरंग घ्यायचे आहेत. विद्यार्थ्यांचा स्वस्त सेट घ्यावा की महागाच्या चार ट्यूब? आणि विकलेलं चित्र फिकं पडतं असं ऐकलंय, ते खरं का?

---

कलाशिक्षक_चोपडा

बाळा, चार ट्यूब घे. ट्यूबवर रंगद्रव्याचा संकेत छापलेला असतो तो वाच. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, टिकतो. बर्न्ट सिएनावर पीबीआर ७ असेल तर ती खरी माती, ती तर टिकतेच. ॲलिझरिन क्रिमझनपासून (पीआर ८३) लांब राहा, तो उजेडाने उडतो. ज्या ट्यूबवर संकेतच नाही ती विकायच्या चित्राला वापरू नको.

स्वतः तपासायचं असेल तर कागदावर प्रत्येक रंगाचा पट्टा ओढ, अर्धा पट्टा जाड काळ्या कागदाने झाक आणि उन्हाळाभर खिडकीत ठेव. आपल्या उन्हाइतकी कडक परीक्षा कुठली प्रयोगशाळा घेणार नाही. चित्र विकताना घरमालकाला सांगायचं की थेट ऊन येतं त्या भिंतीवर लावू नका, आणि माउंट आम्लरहित बोर्डाचा करून घ्यायचा, नाहीतर काही वर्षांत कडा पिवळ्या पडतात.

ब्रश एकच घे, गोल, बारा नंबर, टोक नीट येणारा. पाव शीटला तेवढा पुरतो. शहाद्याला आहेस तर प्रकाशा जवळ आहे, घाटावर बस. यात्रेकरू असतात, वर्दळ असते, घरचे नाही म्हणणार नाहीत.

---

केळीबाग

दोन गोष्टी. एक, तुम्ही जे रोज-मजुरीचं गणित लिहिलं ते मला एकदम समजलं, आमच्या मालाला तेही धरता येत नाही, भाव व्यापारी ठरवतो. म्हणून तुमचं तुम्ही धरून राहा. दुसरं, आमच्या बागेचं चित्र काढून घ्यायचं असेल तर किती? माझ्या वडिलांनी लावलेली पहिली बाग होती त्या जागेचं. आता तिथे विहीर आणि एक जुना कडुनिंब आहे.

---

गिरणाकाठ

दादा, किंमत सांगण्याआधी जागा पाहतो. कडुनिंबाची सावली विहिरीवर सकाळी पडते की संध्याकाळी? त्यावरून यायची वेळ ठरेल. पहिल्या दिवशी फक्त वहीत रेखाटनं करीन, त्याचे पैसे नाहीत. तुम्हाला पटलं तर पाव शीट की अर्धं ते ठरवू आणि पांझरा साहेबांनी सांगितलं तसं एक पान लिहू.

सारंगखेड्याला या वर्षी कोण कोण येणार ते इथे सांगा. यात्रेच्या पहिल्या रविवारी सकाळी सातला दत्तमंदिरापाशी भेटू. साडेनऊपर्यंत घोड्यांच्या बाजारात, नंतर चहा आणि एकमेकांच्या वह्या बघणं. घोड्यांच्या मागच्या बाजूला बसू नका, मालकाला विचारल्याशिवाय दावणीजवळ जाऊ नका. मंदिराजवळ स्वच्छतागृह आहे की नाही ते मी आठवडाभर आधी जाऊन पाहून इथे लिहितो.

---

बोरीकाठची

मी येते, आणि माझ्यासोबत दोघी जणी आहेत, एक तैलरंग करते. अमळनेरहून गाडी करतोय, एक जागा रिकामी आहे. धरणगाव-चोपड्याकडचं कोणी असेल तर निरोप करा. @नवशिकी_शहादा, तू तर अगदी जवळ आहेस, आईला घेऊन ये.

पांझरा सर, लेखी मागणीचा मसुदा तुम्हाला निरोपात पाठवलाय, वेळ मिळाला की बघा.

---

पांझरा

पाहिला. तारखा आणि रकमा बरोबर आहेत. कॅलेंडरचा मुद्दा वेगळ्या परिच्छेदात घ्या आणि तिथे पैशांऐवजी नाव छापण्याची मागणी करा, ती कलम ५७ वर टिकते. सारंगखेड्याला मीही आहे, धुळ्याहून गाडीत दोन जागा.